घर बांधताय? आधी पैसा तिथं घाला, जिथं तो कुणाला दिसत नाही

पोस्ट लांब आहे. पण ज्यांचं बांधकाम चालू आहे, किंवा यंदा दिवाळीनंतर चालू करायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी आपल्या भावकीत, पाहुण्यारावळ्यांत कुणी घर बांधत असेल तर त्याला पाठवावी.

आपल्या गावात सध्या चारी बाजूंनी बांधकाम आहे. बायपासच्या दोन्ही अंगाला, कॉलेजच्या मागं, जुन्या जिनिंगच्या रानात, जिकडं बघावं तिकडं खडीचे ढीग आणि मिक्सरची घरघर. बांधणारे कोण आहेत? झेडपीचा मास्तर, किराणावाला, एसटीचा वाहक, दोन एकर विकून गावात आलेला शेतकरी. म्हणजे ज्यांचं घर आयुष्यात एकदाच होतं, अशी माणसं. यांच्याकडं दुसऱ्यांदा बांधायला पैसा नसतो.

गेली वीस वर्षं मी तहसील, नगरपरिषद आणि कोर्टाच्या बातम्या करतो. घराची भांडणं, तडे गेलेल्या भिंती, अडकलेल्या फाईली, पावसात घरात शिरलेलं पाणी, हे सगळं बघून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडं घराचा पैसा उलट्या क्रमानं खर्च होतो. एलिव्हेशन कसं असावं, पीओपीत लाईट कुठं, किचनचा ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावर घरात महिनाभर खल चालतो. जमिनीचा कागद, पाया, लोखंड, पाणी मारणं, नाली, अर्थिंग यावर अर्धा दिवससुद्धा कुणी देत नाही. फरशी दहा वर्षांनी बदलता येते. रंग तर दर दिवाळीला बदलता येतो. पाया, कॉलम आणि खरेदीखत मागाहून बदलता येत नाही.

आणि आपली नगरपरिषदही तशीच आहे. तिलाही फाईलच दिसते, पाया दिसत नाही. त्यावर शेवटी बोलतो. आधी आपल्या हातात काय आहे ते.

१) सगळ्यात आधी कागद

"बॉण्डवर प्लॉट घेतला" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. शंभर-पाचशेच्या स्टँपवर लिहून, नोटरी करून प्लॉट आपला होत नाही. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानंच होते, हा कायदा आहे. नोटरीचा कागद भांडणात पैसे दिल्याचा पुरावा म्हणून कामी येईल, मालकी म्हणून नाही. तसंच ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंद. ती मालकी नव्हे. "आठ नंबरला नाव लागलंय, आता काय भीती" असं म्हणणाऱ्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेलं मी पाहिलंय.

मग बघायचं काय? सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. मागचे फेरफार. जमीन भोगवटादार वर्ग एक आहे की दोन; वर्ग दोन असेल तर विकायला परवानगी लागते. एनए आहे का, आणि ले-आउट मंजूर आहे का. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. भूमी अभिलेखची मोजणी करून खुणा पक्क्या करा, कारण शेजाऱ्याशी एक फुटावरून सुरू झालेलं भांडण नातवापर्यंत जातं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते, आणि ती नोंदणी मोबाईलवर बघता येते. एजंटाला नंबर विचारा. तो विषय बदलायला लागला तर आपणही प्लॉट बदलावा.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आपल्याकडं एक-एक गुंठ्याचे तुकडे पाडून विकायचा धंदा जोरात आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीत त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. सरकार अशा सवलती अधूनमधून देतं. पण "पुढं नियमित होईलच" या भरवशावर आज पैसे मोजू नका. आज काय नियम आहे ते सहनिबंधक कार्यालयात आणि तहसीलला स्वतः विचारा.

आपल्याच भागातली गोष्ट, नाव सांगत नाही. एका निवृत्त क्लार्कनं फंडाचे पैसे घालून नोटरीवर प्लॉट घेतला. घर लिंटेलपर्यंत आलं आणि तोच प्लॉट दुसऱ्याला रीतसर खरेदीखतानं विकल्याचं निघालं. मनाई आली. भिंती तशाच उभ्या आहेत, त्यावर बाभळी उगवल्यात. म्हातारा अजून भाड्यानं राहतो. सर्च रिपोर्टला किती खर्च आला असता? त्यांनी गेटसाठी जेवढा ॲडव्हान्स दिला होता, त्यापेक्षा कमी.

अजून एक. खरेदीखतात बायकोचं नाव लावा. दागिने तिचे मोडतात, बचत गटाचं कर्ज ती फेडते, आणि कागदावर तिचा पत्ता नसतो. हे बरोबर नाही.

२) परवानगी

परवानगीची भीती उगाच घेतलीय आपण. राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, मुंबईसारखे काही भाग सोडून. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जवळपास दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल, तर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत प्लॅन आणि ठरलेले कागद देऊन शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. म्हणजे गावातली बहुतेक घरं यातच बसतात. तरी "साहेबाला बघावं लागतं" म्हणून मधला माणूस पैसे उकळतो आणि आपण देतो, कारण आपण नियम वाचलेला नसतो.

परवानगी नसेल तर बँक कर्ज देताना अडते, घरकुलाचा हप्ता अडतो, पुढं विकताना भाव पडतो. आणि काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. गावात कितीजणांकडं ते आहे, आपापल्या गल्लीत विचारून बघा.

३) इंजिनिअरची फी ही उधळपट्टी नाही

समजा घर वीस लाखांचं आहे. त्यात आरसीसी डिझाईन करून देणाऱ्या इंजिनिअरची फी म्हणजे एका सोफासेटचे पैसे. तिथं आपण घासाघीस करतो आणि म्हणतो, "मिस्त्रीला सगळं कळतंय, त्यानं पन्नास घरं बांधलीत." मिस्त्रीचा अनुभव मोठा असतो, मी मान्य करतो. चांगला मिस्त्री मिळणं हे भाग्यच. पण पन्नास घरांत एकच लोखंड टाकणारा मिस्त्री एक्कावन्नाव्या घराची माती बघत नाही. आणि फक्त परवानगीसाठी सही करणारा वेगळा, लोखंडाचं ड्रॉइंग काढून देणारा आणि पाया, जोतं, स्लॅब या तीन वेळा साईटवर येणारा वेगळा. फी ठरवताना तीन भेटी लिहून घ्या.

वास्तुशास्त्राचं ज्याचं त्यानं बघावं. माझी एकच विनंती आहे. वास्तुवाल्याला प्लॅन कागदावर असतानाच दाखवा. पाया भरल्यावर "हा कॉलम ब्रह्मस्थानात येतोय" म्हणून कॉलम सरकवणं म्हणजे आजारपण विकत घेणं.

४) काळी माती

आपल्या भागातली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती घराखाली असते. घराला दरवर्षी थोडं उचलते, थोडं खाली सोडते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातात, आणि आपण सिमेंटच्या कंपनीला शिव्या देतो.

म्हणून प्लॉटवर आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा. घट्ट मुरूम किती फुटांवर लागतो, तिथपर्यंत पाया गेला पाहिजे. "शेजाऱ्यानं पाच फूट घेतला, मीही पाच फूट घेतो" असं चालत नाही. ओढ्याच्या बाजूच्या प्लॉटला मुरूम बारा फुटांवरही लागतो. काळी माती फारच खोल असेल तर खाली फुगीर गड्डा असलेले पाईल घेतात. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी संस्थेनं ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. ते ठरवायचं काम इंजिनिअरचं.

जोत्यात भराव मुरमाचाच करा. पायातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरली की टिप्परचे पैसे वाचतात, आणि तीन वर्षांत फरशी खचते. भराव थराथरानं, पाणी मारून, ठोकून. आणि घराभोवती तीन फुटांचा कोबा करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पायाजवळ पाणी मुरलं नाही, की काळी मातीही गप्प बसते. फुलझाडांची वाफी भिंतीला चिकटून करू नका.

५) किल्लारी विसरू नका

मी तेव्हा शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर-धाराशिव पट्ट्यातली हजारो माणसं झोपेत गेली. माणसं मेली ती भूकंपानं कमी आणि घरानं जास्त. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडमातीचा भराव, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मातीचं जड छत. बाहेरून वाडा भक्कम दिसायचा. आणि त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं तो नकाशा बदलावा लागला.

आज आपण आरसीसी बांधतो म्हणून निर्धास्त आहोत. पण आरसीसीचंही तेच आहे, भक्कम दिसणं वेगळं आणि बांधलेलं असणं वेगळं. कॉलमच्या रिंगांचे हुक बघा. ते ९० अंशात नुसते दुमडलेले असतील तर हादऱ्यात उघडतात. १३५ अंशात, आतल्या बाजूला वळवलेले पाहिजेत. लोखंड बांधणाऱ्याला यात दिवसाला अर्धा तास जास्त लागतो, म्हणून तो टाळतो. कॉलम आणि बीम जिथं मिळतात, तिथं रिंगा जवळजवळ पाहिजेत. नेमकं तिथंच हात जात नाही म्हणून सोडून देतात.

कव्हर ब्लॉक वापरा. लोखंड फळीला चिकटलं, की वर सिमेंटचा थर राहत नाही, मग गंज धरतो आणि पंधरा वर्षांत स्लॅबचे पापुद्रे डोक्यात पडतात. स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५० हे साधारण माप. स्लॅबखाली खडीचे तुकडे नकोत, ब्लॉकच पाहिजेत. अख्ख्या घराचे कव्हर ब्लॉक हजार-दोन हजारांत येतात.

आणि तळमजल्यावर दुकानासाठी मोकळी जागा पाहिजे म्हणून मधले कॉलम काढायला सांगू नका.

६) मोजून घ्या

लोखंड वजनावर विकतात, पण मोजता दांडीवरही येतं. १२ मीटरच्या दांडीचं वजन ८ एमएमला साधारण ४.७ किलो, १० एमएमला ७.४, १२ एमएमला १०.७, १६ एमएमला १९ किलो. दांड्या मोजा, गुणाकार करा, काट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक मान्य. फरक मोठा असेल तर एक तर काटा हलका आहे, नाहीतर दांडी बारीक आहे.

वाळू, क्रश सँड, खडी ब्रासवर येते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली खाली करायच्या आधी टेप लावा. लांबी १० फूट, रुंदी ६, भरलेली उंची दीड फूट, म्हणजे ९० घनफूट झाले. बिल मात्र एका ब्रासचं. दहा ट्रॉल्यांत एक ब्रास गेला. २०२३ साली सरकारनं डेपोतून ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायची घोषणा केली होती, सगळ्यांना आठवत असेल. प्रत्यक्षात रात्रीच्या टिप्परला काय भाव मोजला तेही आठवत असेल. एवढी महाग वस्तू न मोजता घ्यायची नाही. क्रश सँड घेताना मुठीत दाबून बघा. हाताला पीठ चिकटत असेल तर ती डस्ट आहे, गिलाव्यालासुद्धा नको.

७) पाणी जास्त कुठं आणि कमी कुठं

काँक्रीट कालवताना पाणी कमी पाहिजे आणि कालवून झाल्यावर जास्त पाहिजे. आपल्याकडं बरोबर उलटं चालतं. एका पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरतं. मिक्सरवाला माल सहज सरकावा म्हणून पाईप सोडतो. माल पातळ होतो, सिमेंटचा रस फळ्यांतून गळतो, स्लॅबची ताकद तिथंच जाते. स्लॅबच्या दिवशी जेवणाच्या तयारीत अडकू नका. मटण संध्याकाळीही होतं. एक माणूस मिक्सरजवळ बादली मोजायला उभा करा आणि एक व्हायब्रेटरजवळ.

नंतर पाणी मारणं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १०. आपल्याकडं बहुतेक पोती पीपीसीची असतात आणि ऊन आपलं हे असं, म्हणून १४ दिवस धरूनच चला. स्लॅबवर मातीच्या पाळी करून पाणी कोंडा. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ दोन तांबे शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे.

सेंट्रिंगवाल्याला त्याच्या प्लेटा दुसऱ्या साईटवर न्यायची घाई असते. त्याच मानकात साध्या ओपीसी सिमेंटसाठी स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि मोठ्या गाळ्याला १४, बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढं २१ दिवस सांगितलेत. हे कमीत कमी. पीपीसी सावकाश ताकद धरतं. इंजिनिअर म्हणाल्याशिवाय एकही टेकू काढू देऊ नका.

म्हणूनच मुहूर्त बघताना पाण्याचाही मुहूर्त बघा. अक्षय्य तृतीयेला पाया खणून ऐन मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर स्लॅब टाकण्यात शहाणपण नाही. दिवाळीनंतर पाया घ्या, फेब्रुवारीच्या आत स्लॅब टाका. विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन कमी असतं, आणि पावसाळ्याच्या आत डोक्यावर छप्पर येतं.

८) गुत्तेदाराशी बोलणं तोंडी नको

"फुटावर ठरलंय" म्हणजे कुठल्या फुटावर? स्लॅबच्या की बांधीव क्षेत्राच्या? जिना, छज्जे, पाण्याची टाकी, कंपाउंड त्यात धरलंय की वेगळं? गिलावा आतून-बाहेरून, की बाहेरून वेगळे पैसे? आमच्याकडं येणारी निम्मी भांडणं या चार प्रश्नांची आहेत. दोघंही खोटं बोलत नसतात, दोघांच्या डोक्यातला फूट वेगळा असतो. स्टँपवर लिहून घ्या, दोन साक्षीदार घ्या.

पैसे टप्प्यानं द्या, म्हणजे पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी असे. काम पुढं आणि पैसा मागं. शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत मागं ठेवायचे, हेही आधीच लिहा. पण टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. गुत्तेदारालाही आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार करायचा असतो. आपण त्याला लटकवलं की तो आपल्या साईटवरची माणसं काढून दुसरीकडं लावतो, आणि मग फोन उचलत नाही म्हणून आपण बोंबलतो.

आणि खर्चाचा अंदाज निघाला की त्यात वीस टक्के जास्त धरा. बोअर, मीटर, कंपाउंड, नाली, वास्तुशांतीचं जेवण हे कुणाच्याच अंदाजात नसतं. एवढे पैसे नसतील तर घर लहान करा. दोनच खोल्या पक्क्या बांधा आणि वरच्या मजल्यासाठी पाया आत्ताच घ्या. सावकाराकडून महिन्याला तीन टक्क्यानं पैसे आणून तिसरी खोली काढणाऱ्याला त्या खोलीत झोप लागत नाही.

९) जिवावर बेतणाऱ्या चार गोष्टी

तारा: ११ केव्हीच्या लाईनपासून बांधकाम आडवं किमान १.२ मीटर लांब पाहिजे, आणि लाईन वरून जात असेल तर मध्ये किमान ३.७ मीटर. गॅलरी बाहेर काढताना, लोखंडाची १२ मीटरची दांडी गच्चीवर फिरवताना माणसं जातात. प्लॉटवर लाईन असेल तर काम सुरू व्हायच्या आधी महावितरणला अर्ज करा.

अर्थिंग: नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गिझर, कूलर, वॉशिंग मशिनचा शॉक लागून बायामाणसं जातात, आपण दोन ओळींची बातमी करतो. हे यंत्र एका झुंबरापेक्षा स्वस्त आहे. वायरिंगचे पाईप बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, पुढं खिळा ठोकताना कामाला येतात.

सेप्टिक टाकी: नवीन टाकीचं सेंट्रिंग काढायला उतरलेला मजूर गुदमरतो. टाकीत मैला नसतो, तरी बंद जागेत ओली फळकटं कुजून हवा संपलेली असते. एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो, तोही जातो. झाकण एक दिवस आधी उघडा, पंखा किंवा ब्लोअरनं हवा मारा, माणूस कमरेला दोर बांधूनच उतरवा. आणि वापरातली टाकी उपसायला माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गाडी बोलवा, तेवढा रस्ता सोडूनच टाकी घ्या. शोषखड्डा आणि बोअर यांत किमान पन्नास-साठ फूट ठेवा. स्वतःचाच बोअर बघू नका, शेजाऱ्याचाही बघा.

चौथी गोष्ट गच्चीचा कठडा. पैसे संपले म्हणून कठडा "पुढच्या वर्षी" ठेवू नका. लेकरं पतंग उडवतात. साडेतीन फुटांचा कठडा पहिल्याच वर्षी.

१०) ऊन आणि पाऊस

पश्चिमेच्या भिंतीला छज्जा द्या, समोरासमोर खिडक्या ठेवा, गच्चीवर पांढऱ्या चिनी टाईलचे तुकडे बसवा. खाली खोलीत एप्रिल-मेमध्ये फरक जाणवतो. काचेचं एलिव्हेशन पुण्याच्या ऑफिसला शोभतं, आपल्या उन्हाला नाही.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलंय. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर. गच्चीचे पाईप आणि एक गाळणखड्डा करून ते बोअरजवळ सोडायचा खर्च आपण गेटवरच्या नावाच्या पाटीवर आणि नक्षीवर करतो.

आता नगरपरिषदेबद्दल

इथवर जे लिहिलं ते घरमालकानं करायचं. पण सगळा दोष त्याच्यावर टाकून चालणार नाही.

गेल्या पंधरा वर्षांत आपल्या जुन्या गल्ल्यांत रस्त्यावर रस्ता, काँक्रीटवर काँक्रीट झालंय. जुना थर न खरवडता वर नवा टाकायचा, बिल उचलायचं. रस्ता दर वेळी अर्धा फूट वर आणि घर तेवढंच खाली. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी दोन फुटांचं जोतं घेतलं, त्यांच्या उंबऱ्यात आज नालीचं पाणी येतं. ही माणसं चुकली नव्हती. रस्त्याची पातळीच कुणी ठरवलेली नव्हती. तोवर नवीन बांधणाऱ्यांनी जोतं रस्त्याच्या वर निदान अडीच-तीन फूट घ्यावं, एवढंच सांगू शकतो.

माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक गल्लीच्या रस्त्याची आणि नालीची कायमची पातळी ठरवून खांबावर खूण करावी, आणि जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नये. दुसरी, मंजुरी नसलेल्या ले-आउटच्या जागेवरच नगरपरिषदेनं फलक लावावा, गट नंबरसह. यादी फाईलीत ठेवून काय उपयोग? प्लॉट घेणारा फाईल बघायला येत नाही, जागा बघायला येतो. तिसरी, जोत्याची तपासणी कागदावर होते ती प्रत्यक्ष व्हावी; इंजिनिअर साईटवर आल्याचा फोटो फाईलला लागावा. चौथी, आठवड्यातून एक दिवस नगरपरिषदेच्या अभियंत्यानं दोन तास लहान घरं बांधणाऱ्यांसाठी बसावं. शहरी घरकुलाला केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख येतात. त्यातला एक रुपयाही पातळ काँक्रीटमध्ये वाहून जाऊ नये एवढा सल्ला फुकट द्यायला निधी लागत नाही.

काहीजण म्हणतील, गरिबाला एवढे नियम परवडत नाहीत. मला उलट वाटतं. श्रीमंताचं घर बिघडलं तर तो दुसरं बांधतो. गरिबालाच पाया एकदा आणि नीट घ्यावा लागतो. वर लिहिलेल्यातलं बहुतेक फुकट आहे किंवा स्वस्त आहे. दांड्या मोजायला, पाणी मारायला, करार लिहायला, रिंगेचा हुक वाकवायला पैसा लागत नाही, तिथं उभं राहावं लागतं.

या चार मागण्यांचं निवेदन मी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांना देणार आहे. ज्यांच्या उंबऱ्यात पाणी येतं, ज्यांचे प्लॉट अडकलेत, ज्यांचं बांधकाम चालू आहे, त्यांनी सहीसाठी यावं. येताना आपल्या घराच्या उंबऱ्यापासून रस्ता किती इंच वर किंवा खाली आहे, तेवढं टेपनं मोजून आणा. आकडा असला की साहेबांना "बघतो" म्हणून सुटता येत नाही.